पाहुणा भाषण ठोकून जातो, त्याला प्रश्नावर कसं आणायचं?

प्रश्न असा आला आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी केबलची स्थानिक वाहिनी आहे, तोच कार्यक्रम यूट्यूबवरही जातो. आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची राजकीय मुलाखत असते. आमदार, माजी आमदार, बाजार समितीचे सभापती, जिल्हा परिषदेचे सदस्य, सगळे हौसेनं येतात. पण येतात, भाषण ठोकतात आणि चहा घेऊन जातात. मोठ्या वाहिन्यांवरच्या मुलाखती गाजतात त्या कशामुळे, आणि त्यातलं एक कॅमेरा नि दोन मोबाइलवर काय जमेल?

बरंच जमेल. ज्या मुलाखती वर्षानुवर्षं लोकांच्या लक्षात राहिल्या, त्यांत महागड्या सेटचा वाटा फार थोडा होता. पहिला प्रश्न काय येणार हे पाहुण्याला आणि त्याच्या पीएला आदल्या रात्रीच ठाऊक असतं, उत्तर पाठ असतं. मुलाखत घडते ती त्या पाठ उत्तरानंतर येणाऱ्या प्रश्नावर. हा दुसरा प्रश्न ऐन वेळी सहसा सुचत नाही. तो आधी लिहिलेला असावा लागतो आणि त्याच्यामागे तपासलेला कागद असावा लागतो.

बीबीसीच्या 'न्यूजनाइट'वरची १३ मे १९९७ ची मुलाखत सगळे जण सांगतात. जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न लागोपाठ बारा वेळा विचारला: तुरुंग खात्याच्या प्रमुखाला, तुझा निर्णय मी फिरवीन, अशी धमकी तुम्ही दिली होती का? हॉवर्ड यांनी सरळ उत्तर दिलं नाही. हे बघून आपल्याकडचे नवे मुलाखतकार एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागतात आणि ते भांडणासारखं दिसतं. मूळ मुलाखतीत ते जमलं, कारण प्रश्न एका वाक्याचा होता, उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच होतं, आणि प्रश्नाचा अर्थ घरात बसलेल्या माणसाला पहिल्याच वेळी कळला होता. पुढची बातमी तयार नसल्यामुळे वेळ भरून काढायचा होता, असं पॅक्समन यांनी नंतर सांगितलं आहे. तेव्हा बाराचा आकडा डोक्यातून काढा. तीन वेळा विचारणं पुरतं, पण तिन्ही वेळा तेच शब्द हवेत. शब्द बदलले की पाहुणा नव्या शब्दाला धरून दुसरीकडे निघून जातो. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही, तर शांतपणे म्हणा, "हा प्रश्न तीनदा विचारला, उत्तर मिळालं नाही, पुढे जातो." बाकीचं प्रेक्षकावर सोडा.

दुसरं टोक म्हणजे ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी १९७७ मध्ये, वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेले अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या घेतलेल्या मुलाखती. अठ्ठावीस तासांहून जास्त चित्रीकरण झालं आणि मे महिन्यात त्याचे नव्वद-नव्वद मिनिटांचे चार कार्यक्रम दाखवले गेले. ही मुलाखत फ्रॉस्ट यांच्या धीटपणाइतकीच त्यांच्या संशोधकांची आहे. निक्सन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स कोल्सन यांच्यातल्या, तोवर लोकांसमोर न आलेल्या संभाषणाचे उतारे त्या मंडळींनी शोधून काढले होते. निक्सन यांना वाटत होतं, समोरच्याला काय माहीत आहे ते आपल्याला माहीत आहे. ते तसं नव्हतं, आणि पारडं तिथेच फिरलं. तुमच्या तालुक्यात असा एक कागद म्हणजे जिल्हा परिषदेच्या सभेचं इतिवृत्त, बाजार समितीचं दरपत्रक किंवा माहिती अधिकारात आलेलं दोन पानांचं उत्तर.

आपल्या देशात पुन्हा पुन्हा दाखवली गेलेली अर्धवट मुलाखत म्हणजे ऑक्टोबर २००७ ची, सीएनएन-आयबीएनच्या 'डेव्हिल्स ॲडव्होकेट'मधली. करण थापर यांनी गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना सुरुवातीलाच २००२ च्या दंगलींनंतरच्या प्रतिमेबद्दल विचारलं. तीनेक मिनिटांत मोदींनी पाणी मागितलं, माईक काढला आणि मुलाखत संपवली. प्रश्न विचारायलाच हवा होता, यात शंका नाही. पण मुलाखत बांधण्याच्या दृष्टीनं बघितलं तर वाहिनीच्या हाती तीन मिनिटं लागली आणि उरलेल्या अर्ध्या तासातली उत्तरं कायमची गेली. सगळ्यांत अवघड विषय अर्ध्या तासाच्या मुलाखतीत आठव्या ते बाराव्या मिनिटाच्या मधे आणावा, असं माझं मत आहे. तोवर पाहुणा सैल झालेला असतो, चार उत्तरं तुमच्या हाती असतात, आणि उठून गेलाच तरी कार्यक्रम होतो. शेवटच्या दोन मिनिटांवरही तो ठेवू नका. मग वेळ संपल्याचं कारण त्याला आयतंच मिळतं.

अर्णब गोस्वामी यांनी २७ जानेवारी २०१४ ला टाइम्स नाऊवर राहुल गांधी यांची सुमारे ८० मिनिटांची मुलाखत घेतली. ती पुन्हा एकदा आवाज बंद करून, हातात वही घेऊन बघावी असं मी सांगेन. नेमका प्रश्न आला की उत्तर व्यवस्थेकडे, माहिती अधिकाराकडे, महिला सक्षमीकरणाकडे कसं वळतं, ते उपशीर्षकांत मोजता येतं. आता लक्ष द्या: त्या मुलाखतीतली खरी बातमी १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारावरच्या उपप्रश्नांतून निघाली. काही काँग्रेसजन बहुधा त्यात सामील होते, असं राहुल गांधी बोलून गेले आणि पुढचे दिवस त्यावरच गेले. तिथे गोस्वामींनी विषय बदलला असता तर हे वाक्य आलंच नसतं. लांब वेळ आणि एकाच विषयाला धरून राहणं, या दोन गोष्टी पाठ केलेली वाक्यं संपवतात. सातव्या-आठव्या मिनिटाला पाहुण्याचा साठा संपतो, मग तो खरं बोलायला लागतो.

मवाळ मुलाखतींनाही नावं ठेवू नयेत. २१ फेब्रुवारी २०१८ ला पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवार यांची जाहीर मुलाखत घेतली, ती मराठी वाहिन्यांनी थेट दाखवली. राजकारणी माणसानं राजकारणी माणसाला विचारल्यानं गप्पा रंगल्या. उद्धव की राज, या झटपट प्रश्नावर पवारांनी ठाकरे कुटुंबीय असं उत्तर दिलं आणि सभागृह खूश झालं. झटपट प्रश्नांनी एवढंच होतं, हशा येतो आणि छोटी चित्रफीत फिरते. माहिती हवी असेल तर हा प्रकार शेवटी दोन मिनिटं ठेवा, त्याआधी नाही. अभिनेते अक्षय कुमार यांनी २४ एप्रिल २०१९ ला दाखवलेल्या मुलाखतीत पंतप्रधान मोदींना आंबे कसे खाता असं विचारलं. पण ती मुलाखत अराजकीय आहे, असं आधीच जाहीर केलं होतं. जुलै २०२० मध्ये 'सामना'साठी संजय राऊत यांनी पवारांची तीन भागांची मुलाखत घेतली, तिथेही दोघे एकाच आघाडीतले, हे वाचकाला ठाऊक होतं. तुमच्या वाहिनीचा मालक एखाद्या पक्षाचा पदाधिकारी असेल तर सुरुवातीच्या पट्टीत तसं लिहा. लोकांना गावात ते माहीत असतंच. लपवल्यानं विश्वास जातो, सांगितल्यानं जात नाही.

'आप की अदालत' १९९३ पासून चालू आहे, आधी झी टीव्हीवर आणि नंतर इंडिया टीव्हीवर. पाहुणा आरोपीसारखा कठड्यात, समोर प्रेक्षक, आणि रजत शर्मा यांचे प्रश्न 'तुमच्यावर आरोप आहे की' या धाटणीचे. या धाटणीचा उपयोग गावात फार होतो. तुम्ही त्याच गावात राहता, पाहुण्याच्या भावाच्या दुकानातून सिमेंट घेता. "लोकांची तक्रार अशी आहे" म्हटलं की वैर तुमच्या घरी येत नाही. मात्र ती तक्रार खरोखर कुणाची तरी असली पाहिजे, आणि त्या माणसाचं नाव, गाव, तारीख तुमच्या वहीत असली पाहिजे. पाहुणा लगेच विचारतो, "कोण म्हणतं?" तेव्हा "पांदण रस्त्यासाठी अमुक गावच्या ग्रामसभेनं ठराव केला आहे, त्याची प्रत ही" एवढं म्हणता यायला हवं.

आता तुमच्या कामाचं. प्रश्नांचा कागद आडवा धरा आणि चार रकाने पाडा: प्रश्न, त्याचा पुरावा तारखेसह, पाहुणा बहुधा काय म्हणेल, आणि त्यावरचा उपप्रश्न. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिराती आणि ओळख वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं हाती उरतात. म्हणजे तीन विषय, चौथा नाही. दर विषयाला एक मुख्य प्रश्न आणि तीन-चार उपप्रश्न. एक प्रश्न पंचवीस शब्दांच्या आत. मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर त्यात दोन प्रश्न आहेत. "रस्त्याचं काय झालं आणि पाण्याचंही सांगा" असं विचारलं की पाहुणा त्यातला सोपा निवडतो आणि अवघड विसरला जातो.

सोयाबीनचं उदाहरण घेऊ. कच्चा प्रश्न असा असतो: "सोयाबीनला भाव नाही, कास्तकार हैराण आहे, काय म्हणाल?" यावर दहा मिनिटांचं भाषण येणारच, दोष पाहुण्याचा नाही. आता हाच विषय बांधून बघा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. पहिला प्रश्न: "दिवाळीच्या आठवड्यात आपल्या बाजार समितीत सोयाबीनचा सर्वसाधारण दर किती होता, आणि तो हमीभावापेक्षा किती कमी होता?" पाहुणा म्हणेल, सरकारनं खरेदी केंद्रं सुरू केली आहेत. उपप्रश्न: "आपल्या तालुक्यातल्या केंद्रावर पहिलं माप कोणत्या तारखेला पडलं?" नोंदणी सुरू झाल्याची तारीख आणि माप पडल्याची तारीख यांत जे अंतर असतं, त्यात गरजू माणसानं माल व्यापाऱ्याला विकलेला असतो. पुढचा: "ओलाव्यामुळे किती माल परत गेला?" सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. म्हणून लगेच: "तशी सवलत यंदा मागितली का, कोणत्या तारखेच्या पत्रानं?" आणि शेवटचा: "माप झाल्यावर चुकारे किती दिवसांत जमा झाले?" ही पाच वाक्यं विचारायला दीड मिनिट लागतं. उत्तरं आली तर कार्यक्रम उपयोगाचा होतो. नाही आली तर काय आलं नाही ते प्रत्येक गावाला कळतं, कारण हे सगळे शब्द लोकांच्या रोजच्या वापरातले आहेत.

या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधी माहीत असली पाहिजेत. बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. पीए कमाल दर दाखवेल, विरोधक किमान दाखवेल. तुम्ही सर्वसाधारण धरा, आवक किती होती तेही लिहून ठेवा. ज्या दिवशी दहाच क्विंटल आवक झाली त्या दिवसाचा दर पुरावा म्हणून कच्चा. कापसात आणखी एक खाच आहे. कास्तकाराचा कापूस क्विंटलवर विकला जातो, सरकी काढलेल्या रुईचा भाव मात्र खंडीवर बोलतात, आणि खंडी सुमारे ३५६ किलोंची असते. हे दोन आकडे एका वाक्यात मिसळले की पाहुणा तुम्हाला तिथेच थांबवतो आणि पुढचा अर्धा तास त्याचा. एकर नि हेक्टर, लाख नि कोटी, मंजूर निधी नि खर्च झालेला निधी, या जोड्याही अशाच नडतात. सी.सी.आय.च्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, कापूस खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याच्या पुढे माल घेत नाहीत. पाहुणा "सरसकट खरेदी" म्हणाला तर हे हाताशी हवं.

दोन-तीन कास्तकारांकडून नोंदणीची पावती, मापाची पावती आणि बँकेत पैसे जमा झाल्याचा संदेश मागून घ्या. कॅमेऱ्यासमोर दाखवण्याआधी नाव, आधार क्रमांक आणि खाते क्रमांकावर कागदाची पट्टी चिकटवून मग छायाप्रत काढा. संगणकावर नंतर पुसट करू म्हटलं की एखाद्या चौकटीत तो दिसून जातोच.

सिंचनावर बोलताना विदर्भात हमखास एक जागा निसटते. भंडारा जिल्ह्यातल्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं, मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि नियोजन अडीच लाख हेक्टरांचं आहे. मंत्री किंवा आमदार आकडा सांगतात तो निर्माण झालेल्या सिंचन क्षमतेचा. कालवा खोदला गेला की क्षमता कागदावर येते. कालव्यातलं पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या वितरिका, पाटचऱ्या नसल्या तरी. म्हणून विचारायचं ते प्रत्यक्ष ओलिताबद्दल: "गेल्या रब्बीत कालव्याच्या पाण्यावर किती हेक्टर ओलित झालं?" आणि मग एका गावाचं नाव घेऊन, "तिथल्या वावरात पाणी पोचलं का?" त्या गावाचा एक मिनिटाचा व्हिडिओ आदल्या दिवशी काढून ठेवलेला असावा, त्यात तारीख बोललेली असावी. तुमच्या भागात बेंबळा प्रकल्प असो, अरुणावती असो, प्रश्न हाच.

पाहुणे लपतात त्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यांत मोठी म्हणजे इतिहास. विदर्भाच्या अनुशेषावर प्रश्न विचारा, उत्तर १९५३ च्या नागपूर करारापासून सुरू होतं, १९८४ च्या दांडेकर समितीवर येतं, २००६ च्या ३,७५० कोटींच्या पंतप्रधान पॅकेजवर पोचतं आणि वेळ संपते. यावर उपाय सोपा आहे: तो इतिहास तुम्हीच दोन वाक्यांत सांगून टाका आणि मग म्हणा, "हे सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या पाच वर्षांत काय झालं ते सांगा." दुसरी जागा म्हणजे "आधीच्या सरकारनं केलं". यावर: "तुम्ही सत्तेत आल्यावर तो निर्णय बदलण्यासाठी कोणत्या महिन्यात काय केलं?" तिसरी, "पाठपुरावा सुरू आहे". यावर: "शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं, कुणाला?" पत्र असेल तर पाहुणा आनंदानं दाखवतो, आणि तेही पडद्यावर चांगलं दिसतं. चौथी, "तुम्ही अमक्याच्या सांगण्यावरून विचारता". इथे खुलासे देत बसू नका. "प्रश्न माझा आहे, उत्तर तुमचं द्या" एवढं बोलून गप्प बसा.

गप्प बसणं शिकायला वेळ लागतो. उत्तर संपलं की मनात चार मोजा. बहुतेक पाहुणे तिसऱ्या सेकंदाला पुन्हा बोलू लागतात आणि जे बोलतात ते तयार केलेलं नसतं. त्या वेळी तुम्ही "हो, हो", "बरोबर" म्हणत मान हलवली तर सगळं वाया जातं. शिवाय ते हुंकार ध्वनिमुद्रणात राहतात आणि संपादनात कापता येत नाहीत.

कागद कुठून आणायचे? उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मागच्या आणि या निवडणुकीचं शेजारी ठेवून एक-एक ओळ जुळवा. "संपत्ती इतकी कशी वाढली" असं ढोबळ न विचारता एखादी जमीन, एखादी भागीदारी, एखादा प्रलंबित खटला, अशी नेमकी ओळ विचारा. आमदारानं नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात काय विचारलं, हे विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदीत सापडतं. तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना बघा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणजे मोठ्या मुलाखतीची तयारी किमान सहा आठवडे आधी सुरू व्हायला हवी. एखाद्यावर गैरव्यवहाराचा थेट आरोप करणारा प्रश्न असेल, तर कागदाशिवाय तो विचारूच नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार झाली तर तालुक्याच्या वाहिनीला तारखा झेपत नाहीत.

पीएशी बोलणं फोनवर झालं तरी नंतर मेसेजवर लेखी टाका: विषय तीन, वेळ तीस मिनिटं, प्रश्न आधी मिळणार नाहीत, प्रसारणाआधी चित्रण दाखवलं जाणार नाही, कापाकापीत अर्थ बदलणार नाही. शेवटचं वचन त्यालाही हवं असतं आणि त्यामुळे बाकीच्या अटी मान्य होतात. विषय जरूर सांगा. विषय लपवून बोलावलेला पाहुणा "मला माहिती घेऊन सांगावं लागेल" म्हणतो, आणि ते त्याचं म्हणणं रास्त असतं.

विदर्भात पाहुणा एकटा येत नाही. दोन गाड्या भरून कार्यकर्ते येतात आणि प्रत्येक उत्तराला मागून हुंकार देतात. खोलीत एकच माणूस राहील, तोही पाहुण्याच्या नजरेच्या रेषेत नाही, कॅमेऱ्याच्या मागे डाव्या बाजूला, हे आधी ठरवा. बाकीच्यांना बाहेर खुर्च्या, पाणी, चहा. त्यात कंजूषी नको. पीए समोर बसला की पाहुणा प्रत्येक आकड्याला त्याच्याकडे बघतो आणि पडद्यावर ते वाईट दिसतं. संबोधनाचंही ठरवून घ्या. ओळख करून देताना "भाऊ" किंवा "ताई" एकदा चालेल, आपल्याकडे ते स्वाभाविक आहे; पण दर प्रश्नाला "साहेब" जोडला की प्रश्न विनंतीसारखा ऐकू येतो. पुढे सरळ "तुम्ही".

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. चित्र डळमळलं तरी लोक बघतात, आवाज तुटला की बंद करतात. मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही हे खरं, म्हणून खोली आधी तासभर थंड करून ठेवा आणि चित्रण सुरू करताना कूलर, पंखा दोन्ही बंद करा. दर दहा मिनिटांनी थांबून पुन्हा लावा. कॉलर माईक हनुवटीपासून वीतभर खाली, सदऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणाजवळ. गळ्यातला दुपट्टा, शेला, हार काढायला सांगा, कारण तो माईकवर घासला की खरखर येते आणि ती नंतर जात नाही. कडक इस्त्रीच्या खादीलाही तोच त्रास. तिथे माईकची तार आतून एक वळसा घालून चिकटपट्टीनं पक्की करा. दोघांचे माईक वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, आवाजाची पातळी सरासरी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. सगळ्यांचे फोन विमान मोडवर. उठण्याआधी सगळ्यांनी गप्प राहून रिकाम्या खोलीचा आवाज तीस सेकंद घ्या. संपादनात सांधे बुजवायला तो लागतो.

एक कॅमेरा नि दोन मोबाइल पुरतात. कॅमेरा फक्त पाहुण्यावर, छातीपासून वर, आणि तो मुलाखतभर बंद करायचा नाही. एक मोबाइल तुमच्यावर, दुसरा दोघांवर. तिन्ही एकाच बाजूला ठेवा, नाहीतर पडद्यावर दोघे एकाच दिशेला बघताना दिसतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५०, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे लुकलुकत नाहीत. सुरुवातीला एक टाळी वाजवा, तिघांचा आवाज त्यावर जुळतो. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र नको, चेहरा अर्धा पिवळा अर्धा निळा होतो. पाहुण्याला चष्मा असेल तर दिवा वर उचला. भारनियमनाचं वेळापत्रक बघून वेळ ठरवा आणि दिवे इन्व्हर्टरवर चालतील एवढेच वापरा. जनरेटर भिंतीआड ठेवला तरी त्याची घरघर माईकमध्ये शिरते.

पाहुणा चिडून उठला तर कॅमेरा चालू राहू द्या, मागे धावू नका, टोमणा मारू नका. एकदाच विचारा, "हा प्रश्न सोडून पुढचा घेऊ का?" तरी गेला तर जे झालं ते, जेवढं झालं तेवढं, आधीच्या पूर्ण प्रश्नासह दाखवा. नुसतं उठून जाण्याचं दृश्य दाखवणं अन्यायाचं आहे. संपादनातही हाच नियम: उत्तर मधून कापायचं असेल तर दोघांचं दृश्य घालून कापा आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधीही पहिल्याला जोडू नका.

निवडणुकीच्या दिवसांत दोन गोष्टी सांभाळा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत निवडणुकीवर परिणाम करणारा मजकूर दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. त्या काळात उमेदवाराची जुनी मुलाखतही पुन्हा लावू नका, आणि यूट्यूबवरही सावध राहा. दुसरं, पैसे घेऊन केलेली मुलाखत ही पेड न्यूज ठरते. जिल्हा पातळीवरची माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती ती उमेदवाराच्या खर्चात धरू शकते, आणि विधानसभेसाठी ती खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी लेखी निमंत्रण द्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, प्रत्येकाला तेवढीच मिनिटं. जो आला नाही त्याच्या वेळेत दुसऱ्याला बसवू नका. निमंत्रण कधी दिलं, उत्तर काय आलं, एवढं वाचून दाखवा.

मुलाखत झाली की त्याच रात्री न कापलेलं चित्रण दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक ऑफिसात, एक घरी. एक वही वेगळी करा: पाहुण्यानं दिलेलं प्रत्येक आश्वासन, त्याची तारीख, चित्रणातलं मिनिट आणि त्याचेच शब्द. सहा महिन्यांनी तोच पाहुणा आला की पहिला प्रश्न त्या वहीतून काढा आणि त्याच्याच तोंडचं पंधरा सेकंदांचं चित्रण आधी लावा.